पार्मा परिसरातले चीजवाले आणि खाटीक: कुठे किती वेळ द्यावा

पार्मिजानो रेज्जानो हे चीज कसं बनतं ते बघायला इटलीतल्या पार्माकडे जाणार असाल तर सकाळी साडेआठला डेअरीच्या दारात हजर राहा. साडेअकराची टूर कुणी फुकट दिली तरी घेऊ नका. आम्ही दोन्ही पाहिल्या, म्हणून ठामपणे सांगते.

उशिराच्या टूरमध्ये काचेपलीकडे धुतलेली फरशी आणि रिकाम्या कढया दिसतात. काम संपवून माणसं घरी गेलेली असतात, मग आपल्याला फिल्म दाखवतात. शहराजवळच्या एका मोठ्या कारखान्यात आम्हाला एवढंच मिळालं. माणशी वीस युरो, आणि शेवटी कागदी बशीत नखाएवढे तीन तुकडे. नाव लिहीत नाही, पण बाहेर तीन बस उभ्या दिसल्या तर ओळखा.

दुसरी डेअरी अपेनाइन डोंगरांच्या पायथ्याशी, आसपासच्या थोड्या शेतकऱ्यांची सहकारी. आधी ईमेल करावी लागते, स्वतःची गाडी लागते आणि शेवटचा रस्ता अरुंद आहे. दारात पायात घालायला प्लास्टिकच्या पिशव्या आणि डोक्याला कागदी टोपी देतात. आत शिरताच गरम दुधाचा वास आणि वाफ. चष्मा असेल तर पहिली पाच मिनिटं काही दिसत नाही.

आदल्या संध्याकाळचं दूध रात्रभर उथळ हौदांत पसरून ठेवतात. सकाळी वर आलेली साय काढतात आणि खालच्या दुधात सकाळचं सायीसकट दूध मिसळून तांब्याच्या कढईत घालतात. कढया अर्ध्या जमिनीत गाडलेल्या, खाली निमुळत्या. त्यात आदल्या दिवशीच्या निवळीचं, म्हणजे चीज काढून उरलेल्या पाण्याचं, विरजण पडतं आणि मग वासराच्या जठरातलं रेनेट. दहाएक मिनिटांत दूध बांधलं जातं. इथून पुढे चीजवाल्याकडून नजर हटवू नका. साठीचा माणूस, बाह्या खांद्यापर्यंत वर केलेल्या. तारांची भलीमोठी रवी घेऊन तो ते घट्ट दूध मोडत जातो, पार गव्हाएवढे दाणे होईपर्यंत. खालून वाफेची आच चालू असते आणि तापमान ५५ अंशांपर्यंत नेतात. भिंतीवर आकडा लाल अक्षरांत झळकत होता, पण हा गडी दर थोड्या वेळाने कोपरापर्यंत हात बुडवून मूठभर दाणे काढायचा, दाबायचा आणि अंगठ्याने फोडून बघायचा. शेवटी आच बंद केली तेव्हाही तो आकड्याकडे बघत नव्हता.

मग पाऊण-एक तास काहीच घडत नाही. दाणे तळाशी बसून त्यांचा एक गोळा होतो. प्रश्न विचारायचे ते या वेळात. आम्हाला फिरवणारी मुलगी त्याच घरातली होती आणि इंग्रजी छान बोलत होती. चीजच्या एका चाकाला, म्हणजे मोठ्या गोल ठोकळ्याला, साधारण साडेपाचशे लिटर दूध लागतं, ही माहिती तर कुठेही मिळते. गाईंना मुरवलेला चारा का चालत नाही, हे मात्र तिने समजावून सांगितलं. त्यातले जिवाणू दुधात उतरतात, चीज मुरताना आतून वायू धरतं आणि वर्षाभराने चाक फुगतं किंवा चिरतं. म्हणून नियमच आहे: गवत, वाळलेलं गवत, धान्य. मुरवलेला चारा नाही.

आमच्या वन्सं पक्क्या शाकाहारी. त्यांनी थेट विचारलं, की वासराचं रेनेट न घालता केलेलं मिळेल का? मुलगी म्हणाली, मिळणार नाही. नियमात दुसरा पर्यायच नाही. वन्सं माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अगं, मग इतकी वर्षं पास्त्यावर आपण काय भुरभुरवत होतो?" मी कढईत बघत राहिले. शाकाहारी वाचकांसाठी स्पष्ट लिहिते: पार्मिजानो शाकाहारी नसतं, आणि शाकाहारी म्हणून जे मिळतं ते पार्मिजानो नसतं. वन्संनी शेवटी लोणी घेतलं. ते रेनेट घालण्याआधी काढलेल्या सायीचंच आहे ना, हे दोनदा विचारून. त्या लोण्याबद्दल त्या अजून बोलतात.

गोळा वर काढतात ते बघितल्याशिवाय निघू नका. एक जण लाकडी फळीने तो तळापासून सुटा करतो, दुसरा खालून फडकं सरकवतो. फडक्याची टोकं आडव्या काठीला बांधून गोळा निवळीतून उचलतात आणि लांब सुरीने त्याचे बरोबर दोन करतात. दोघांपैकी कुणी तोंडातून शब्द काढला नाही. एका कढईतून दोन चाकं, त्यांना तिथे जुळी म्हणतात. पुढे साचा, कडेवर ठिपक्यांची अक्षरं, जवळजवळ तीन आठवडे मिठाच्या पाण्यात आणि मग कोठारात किमान बारा महिने. कोठारात फळ्यांवर छतापर्यंत चाळीस-चाळीस किलोची चाकं, आणि ती उलटी करून पुसणारं एक यंत्र. क्रेदितो एमिलियानो नावाची बँक ही चाकं तारण ठेवून कर्ज देते, हे मला आधी थापच वाटलं होतं. कोठार पाहिल्यावर बँकेचा विश्वास पटला.

बारा महिन्यांनी तपासनीस येऊन प्रत्येक चाक छोट्या हातोडीने ठोकून ऐकतो. पास झालं तर तापल्या लोखंडाची छाप. दुकानात कडेवर समांतर रेघा कोरलेलं चाक दिसलं तर ते दुसऱ्या प्रतीचं. लगेच खायला चांगलं, पण आणखी मुरवायला ठेवण्यासारखं नाही. आपल्याला प्रवासात लगेचच खायचं असतं, तेव्हा नाक मुरडू नका.

खरेदी डेअरीच्याच काउंटरवर करा. कमी-जास्त मुरलेल्या तिन्ही चीजची चव द्यायला ते तयार असतात. बारा महिन्यांचं दुधाळ आणि मऊ, मला बेताचंच वाटलं. चोवीसचं माझ्या मते सगळ्यात कामाचं, आम्हाला १९ युरो किलोने मिळालं. छत्तीसचं महाग आणि कोरडं, दाताखाली पांढरे कण कुरकुरतात. ते मीठ नव्हे, टायरोसिन या अमिनो आम्लाचे स्फटिक. हे चीज किसून वाया घालवू नका, तुकडा तोडून नुसतं खा. हवाबंद पाकीट मागितलं की लगेच करून देतात. पूर्वी कापून ठेवलेले तुकडे असतील तर समोर नवीन फोडायला सांगा, कुणी रागावत नाही.

चीज काढल्यावर उरलेली निवळी डुकरांच्या खाद्यात जाते, आणि त्याच डुकरांच्या मांड्यांचं पार्मा हॅम होतं. म्हणून त्याच दिवशी हे हॅम मुरवणाऱ्या लांगिरानो गावाला गेलो. तिथे बघण्यासारखी गोष्ट एकच: घोड्याच्या हाडाची सुई. तपासनीस ती हॅममध्ये खुपसतो, लगेच बाहेर काढतो आणि हुंगतो. हे हाड वास पटकन पकडतं आणि तितक्याच पटकन सोडतं, म्हणून पुढच्या हॅमला तीच सुई चालते. बाकी लटकलेल्या मांड्यांच्या रांगा. वीस मिनिटं पुरे.

खाटकासाठी मात्र अख्खी सकाळ ठेवा. पार्मा शहरात नदीपलीकडे ओल्त्रेतोरेन्ते म्हणून जुना भाग आहे, तिथलं एक छोटं दुकान आम्हाला सापडलं. दारात नंबराची चिठ्ठी घ्यायची आणि उभं राहायचं. पुढच्या आजी काय शिजवणार हे विचारल्याशिवाय हा माणूस सुरीला हात लावत नाही. काचेत सोललेले ससे डोक्यासकट मांडलेले आणि एका ताटात कच्चा घोड्याचा खिमा, जो इथले लोक लिंबू पिळून तसाच खातात. वन्सं रस्त्यावरच थांबल्या. मी आत असून खिम्याच्या वाटेला गेले नाही.

मी घेतलं ते कुलातेल्लो. डुकराच्या मागच्या मांडीचा हाडाशिवायचा गाभा, मूत्राशयाच्या पिशवीत शिवून, दोरीने आवळून पो नदीकाठच्या धुक्यात मुरवलेला. इथे मोजमाप एत्तोत, म्हणजे शंभर ग्रॅममध्ये चालतं आणि पाटीवरचा भावही बऱ्याचदा एत्तोचा असतो. तो किलोचा समजून खूष होऊ नका. हाताने चाक फिरवायचं लाल यंत्र होतं. पहिला काप कडेचा, सुकलेला. तो त्याने वजनात न धरता बाजूला टाकला. दुसरा उचलून उजेडासमोर धरला, माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या, मी मान हलवली, मगच पुढचे कापले. काप एकमेकांवर न चढवता कागदावर शेजारी शेजारी मांडले आणि कागदाचं वजन वजा केलं. बोलोन्यात मुख्य चौकाशेजारच्या गल्लीत एका चकचकीत दुकानाने मला आधीच कापून ठेवलेला, कडा वाळलेला मोर्तादेल्ला (डुकराच्या मांसाचं जाड सॉसेज) जवळपास दुप्पट भावाने दिला होता. तिथे इंग्रजी फार सुंदर बोलत होते.

पार्मातल्या या खाटकाचं शटर एक वाजता खाली येतं आणि चारपर्यंत वर जात नाही. अकराच्या आत पोचलात तर गप्पाही होतील, अर्थात बोटांनी आणि भुवयांनीच. मला कोतेकीनोही हवं होतं, ते जाड, कच्चं सॉसेज. त्याने चूल पेटवल्याची खूण केली. हॉटेल, म्हटलं. त्याने कोतेकीनो परत आकड्याला लटकवलं आणि स्त्रोल्गीनो नावाची एक बारीक, मऊ सलामी काढून दिली, कुलातेल्लोच्या कातरणांची, नुसती सोलून खायची. साडेसहा युरो. कोतेकीनो दोन-तीन तास मंद आचेवर शिजवावं लागतं, तेव्हा ते हवंच असेल तर स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घ्या. हॉटेलात उतरणार असाल तर त्याच्याकडे मागून उपयोग नाही, तो देणार नाही.