बॅगेचा पट्टा, 4,419 रुपयांना

लाज वाटते, पण लिहितोच. बारा वर्षं पोरांना पावागडला कातळ चढायला नेतोय. दोर अडकवायचा अँकर मी लावतो, टेप नॉटच्या, म्हणजे टेपची टोकं जोडायच्या गाठीच्या, शेपट्या तीन इंच सोडा म्हणून ओरडतोही मीच. आणि मलाच एकाने बॅगेचा पट्टा क्लाइंबिंगची वेबिंग, म्हणजे अँकरची टेप, म्हणून विकला. 40 मीटर, मीटरला 95 प्रमाणे 3,800, वर कुरिअरचे 120.

डोळे मिटून घेतलं असं नाही हं. वडोदऱ्यात मागायला गेलं तर खाटेची नवार काढून दाखवतात. ऑनलाइन मागवण्यावाचून इलाज काय? ट्यूबुलर, म्हणजे आतून पोकळ, आहे ना, विचारलं. हो म्हणाला. रेघा किती, तेही विचारलं. ईएन 565 या युरोपियन मानकाच्या टेपवर विणलेल्या एकेका रेघेमागे 5 किलोन्यूटन ताकद धरायची, तीन रेघा म्हणजे 15. उत्तर आलं, ‘सर, पट्टी का कलर आप बोलो, वही भेज देंगे.’

इथे! इथेच फोन ठेवायला हवा होता. ज्याला रेघ म्हणजे रंग वाटतो, त्याच्याकडून मी जीव टांगायची वस्तू घेत होतो. आणि मी काय लिहिलं? ‘पिवळी चालेल.’

पार्सल उघडलं. कडा चिमटीत दाबली की टेप नळीसारखी उघडायला हवी. हा सपाट, कडक. गाठीत दोन पदर एकमेकांवर बसेनात. तुकडा बादलीत बुडवून सोडला, तर वर आला. नायलॉन बुडतं, पॉलिप्रॉपिलीन तरंगतं. हे आधी एक मीटर मागवून करायचं असतं. तुम्ही तरी करा.

परताव्यासाठी ‘पिकअप चार्ज’ 499 मागितले. भरले. हसा. वर चार दिवस वाट बघितली. तुम्ही असं बसू नका, लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930 लावा.

बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. चौकीतल्या साहेबांनी पट्टा दोन्ही हातांनी ओढून बघितला. ‘मजबूत तर आहे. पट्टा मागवलात, पट्टा आला, यात फसवणूक कसली?’ गाठ घालून दाखवायला लागलो तर म्हणाले, हे सगळं गुजरातीत लिहून आणा. नेलं, तर साहेब बंदोबस्ताला. पुन्हा नेलं, तर हे टेबल नव्हे. त्या टेबलावर बिल मागितलं. बिल! बिल देणारा असता तर मी तिथे कशाला गेलो असतो?

त्या नंबरचा डीपी परवा बदलला. आता तंबू विकतोय.