एअर रायफलचे छरे: कुठला डबा घ्यायचा ते तीन महिने करून बघितलं

माझी लेक नववीत आहे, आम्ही ठाण्यात वर्तकनगरला राहतो आणि गेली दोन वर्षं ती १० मीटर एअर रायफल नेमबाजी करतेय. रुद्रांक्ष पाटील आपल्या ठाण्याचा, त्याने २०२२ ला कैरोमध्ये वर्ल्ड चॅम्पियनशिपचं गोल्ड जिंकलं तेव्हापासून तिच्या डोक्यात हेच. रायफल, जॅकेट, ग्लोव्ह ह्यावर आम्ही महिनोन्‌महिने चौकशी करत बसलो आणि छरे मात्र ऑनलाइन जो स्वस्त डबा दिसला तो मागवला, ही आमची मोठी चूक. म्हणून हा रिव्ह्यू लिहितोय, कारण सुरुवात करणारे बरेच पालक हेच करतात.

तो पहिला डबा (कंपनीचं आणि विकणाऱ्याचं नाव घेत नाही) गोल डोक्याच्या छऱ्यांचा होता, कुरिअरमध्ये चेपून आलेला. पोरीचा स्कोअर चार महिने जागेवरच. आम्ही म्हटलं हिचा श्वास चुकतोय, ट्रिगर झटकतेय, रात्री मोबाइल बघते म्हणून डोळे थकतात, एकदा तर मी तिला रेंजबाहेर सगळ्यांसमोर ओरडलो, त्याचं मला अजून वाईट वाटतं. मग एक दिवस सरांनी कागदाचं टार्गेट उजेडासमोर धरलं आणि म्हणाले हे भोक बघा. भोकाच्या कडा फाटलेल्या, कागद चिरल्यासारखा, नक्की शॉट कुठे लागला तेच कळेना. गोल डोक्याचा छरा कागदाला ढकलून फाडत जातो. मॅचचे छरे चपट्या डोक्याचे असतात, ते पंचिंग मशीनसारखं स्वच्छ गोल भोक पाडतात, आणि ज्या टार्गेटवर १० ची रिंग फक्त ०.५ मिलिमीटरची असते तिथे हा फरक किती मोठा ते सांगायला नको.

त्याच संध्याकाळी नौपाड्यात ओळखीच्या सोनाराकडे गेलो, त्याच्या काट्यावर त्या डब्यातले २० छरे एकेक करून तोलले. ०.४७ ग्रॅमपासून ०.५३ पर्यंत! तीन छऱ्यांचं मागचं घेर, म्हणजे स्कर्ट, एका बाजूने दबलेलं होतं. सोनार म्हणाला एवढा फरक मी सोन्यात केला तर दुकान बंद करावं लागेल. स्कर्ट हवेच्या दाबाने फुगून बॅरलला घट्ट बसतो, तोच वाकडा असेल तर छरा सरळ जाणार कसा.

नंतर आम्ही मुंबईतल्या एका दुकानात गेलो. तिथले काका खरंच जाणकार, त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला की रायफल कुठली आणि आत्तापर्यंत कुठला हेड साइज वापरलात. मला तर हेड साइज म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. तर तो छऱ्याच्या डोक्याचा व्यास. डबा ४.५ मिलिमीटरचा असला तरी त्यात ४.४९, ४.५०, ४.५१ असे प्रकार येतात आणि प्रत्येक बॅरलला वेगळा आवडतो, दोन एकसारख्या रायफलींनासुद्धा वेगवेगळा. आम्ही तिथून आरडब्ल्यूएस आर १० चे ४.४९ आणि ४.५० असे दोन डबे घेतले आणि एच अँड एन फिनाले मॅचचा ४.५० चा एक. तिन्ही ०.५३ ग्रॅमवाले. दोन्ही कंपन्या जर्मनीच्या.

रविवारी सकाळी रेंज रिकामी असते तेव्हा सरांनी रायफल क्लॅम्पमध्ये बसवून दिली, म्हणजे माणसाचा हात मध्ये नको. प्रत्येक डब्याचे आधी ५ छरे नुसते सोडायचे, बॅरलला नव्या शिशाची सवय व्हायला, मग एका कागदावर १० शॉट, असे तीन कागद. दहा शॉटच्या भोकांचा पुंजका म्हणजे ग्रुप, तो बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत व्हर्नियरने मिलिमीटरमध्ये मोजला. सगळे छरे तंतोतंत एकाच जागी गेले तर ४.५ येईल. आमच्या बॅरलमध्ये आर १० चा ४.४९ साडेसातच्या आसपास, फिनाले मॅच ६.४, आणि आर १० चा ४.५० सर्वात छान, ६ च्याही आत. जुना स्वस्त डबा ११ च्या पुढे गेला. पोरगी ते कागद हातात घेऊन बराच वेळ गप्प उभी होती. मग म्हणाली, बाबा, म्हणजे माझं चुकत नव्हतं.

तुमच्या रायफलीत उलटं येऊ शकतं, त्यामुळे आमचा नंबर बघून डबा घेऊ नका, पद्धत घ्या. आणि फक्त नाव आणि साइज पुरत नाही, डब्यावरच्या स्टिकरवर बॅच नंबर असतो तो महत्त्वाचा. पुढच्या महिन्यात आम्ही तोच आर १०, तोच ४.५०, पण वेगळ्या बॅचचा आणला तर ग्रुप ६.८ वर गेला. म्हणून बॅच जमली की एकदम चार-पाच डबे उचला. मॅचमध्ये ६० शॉट, वर साइटिंगचे (आधी नेम जुळवून घ्यायचे शॉट), म्हणजे दिवसाला ८०-९० छरे धरा, ५०० चा डबा सहा दिवसांत संपतो. खर्च जड जातो हे मान्य, म्हणून रोजच्या सरावाला आम्ही त्याच वजनाचे, चपट्या डोक्याचे थोडे कमी किमतीचे वापरतो आणि टेस्ट केलेली बॅच मॅच आणि मॅचच्या आधीच्या आठवड्यासाठी राखून ठेवतो.

पावसाळ्यात ठाण्याची दमट हवा छऱ्यांना खाते, वर पांढरी पूड दिसायला लागते. झाकण घट्ट लावा, सिलिका जेलची पुडी टाका, डबा खाली पडला तर तो सरावाला. आणि हे शिसं आहे, हात साबणाने धुतल्याशिवाय खाऊ देऊ नका. रेंजवरून आम्ही थेट मामलेदारला मिसळ खायला जातो, पण आधी हात, मग मिसळ, हा नियम घरात पक्का आहे.

एक गोष्ट मुद्दाम लिहितो. शहापूरच्या आमच्या एका नातेवाइकाने विचारलं की कोल्हा कोंबड्या नेतो, त्याचं कातडं न फाटता मरेल असा छरा कुठला. मी स्पष्ट सांगितलं, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने कोल्ह्याला संरक्षण आहे, शिकार केली तर जेल होते. आणि ह्या रायफलीचा जोर साधारण साडेसात ज्यूल, त्याने कोल्हा मरणार नाही, जखम घेऊन कुठेतरी झुडपात कुजत पडेल. आपल्या नवी मुंबईच्या खाडीकाठी कांदळवनात अजून कोल्हे टिकून आहेत, ते टिकू देत. नातेवाइकांना खुराड्याला बारीक जाळी लावून दिली, खालून एक फूट जमिनीत गाडून, तेव्हापासून एकही कोंबडी गेलेली नाही.

आत्ता घरात एकाच बॅचचे चार डबे आहेत, प्रत्येकाच्या झाकणावर मार्करने तारीख टाकलेली. एक उघडलाय, तीन सीलबंद.