बंगळुरूची बडी कंपनी की गोव्यातल्या पर्वरीचं छोटं ऑफिस?

सॉफ्टवेअरची नोकरी निवडताना पगारात बडी कंपनी सहज जिंकते. मात्र ऑफर लेटरवरचा आकडा फोडून वाचा. त्यातला बराचसा भाग शेअर्सचा असतो आणि ते बहुधा ४ वर्षांत हप्त्याहप्त्याने हातात पडतात. मध्येच सोडलंत, तर उरलेल्यांवर पाणी.

कामाचं म्हणाल तर तिथे बटणाचा रंग बदलायचा तरी कोड रिव्ह्यू (तुमचा कोड सहकाऱ्याने तपासणं), मग आधी थोड्याच लोकांना दाखवून चाचणी. वैताग येतो, पण हाताला शिस्त तिथेच लागते. पर्वरीत दुपारी लिहिलेला कोड संध्याकाळी ग्राहकाच्या फोनवर! रात्री सर्व्हर बसला तर उठवायचाही तुम्हीच. बड्या ठिकाणी निदान ऑन-कॉलची, म्हणजे बिघाड झाला की धावायची, पाळी ठरलेली असते.

कर्मचाऱ्यांची एकमेकांशी तुलना करून क्रमवारी लावायची पद्धत मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये मोडीत काढली, तरी बड्या कंपन्यांतलं रेटिंगचं राजकारण कुठे संपलंय? छोट्या ऑफिसात मालक समोरच बसतो. बढतीच्या पायऱ्याच नसतात, ही गोष्ट वेगळी.

चवथीला (गणेशचतुर्थीला) पर्वरीवाला माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट, बांधायला वेळेत घरी असतो, बंगळुरूवाला रात्रीच्या बसचं तिकीट शोधत असतो. तरीही पहिली ४-५ वर्षं बंगळुरूच, असं माझं मत. गृहकर्ज डोक्यावर बसायच्या आत.