३५ एमएम प्राइम की १८-१३५ झूम?

भाच्याकडे क्रॉप सेन्सरचा, म्हणजे लहान सेन्सरचा, कॅमेरा आहे आणि पैसे एकाच लेन्सपुरते: ३५ एमएमवरच कायम असणारी प्राइम, किंवा १८ ते १३५ पर्यंत बदलता येणारी झूम (आकडा लहान तितकं दृश्य रुंद, मोठा तितकं लांबचं जवळ). कोल्हापुरी चपलांचे कारागीर, गावाकडचे जुने वाडे आणि पावसाळ्यात गगनबावड्याचा घाट उतरून विजयदुर्गचा खवळलेला समुद्र, हे सगळं त्याला टिपायचंय.

उजेडाच्या बाबतीत प्राइम सरळ जिंकते. चपलेचं काम बऱ्याचदा घरातच, दारातून येणाऱ्या उजेडावर चालतं. झूमचं छिद्र पूर्ण उघडलं तरी एफ ३.५, प्राइमच्या एफ १.८ ला जवळपास चौपट प्रकाश मिळतो (एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त). शटर वेगवान ठेवता येतं, वेणी घालणारी बोटं स्पष्ट येतात. फ्लॅश मारूच नये, चामड्याचा पोत मरतो आणि कारागीरही अवघडतो.

वाड्यात उलट. सोप्यात भिंतीला पाठ टेकली तरी ३५ मध्ये खांब आणि तुळई एकत्र मावत नाहीत, १८ हवंच. अंधार ट्रायपॉडवर भागतो.

वादळात तर झूमच. लाटेजवळ जाणं जिवावर बेततं. लांब उभं राहून १३५ वर घ्यावं. फक्त झूमची नळी पुढे-मागे सरकताना खारं पाणी आत शिरू शकतं, म्हणून रेनकव्हर हवं.

किंमत आणि वजन, दोन्हींत सहसा प्राइम हलकी.

वाडे आणि समुद्र मुख्य असतील तर झूम घ्यावी. कारागिरांजवळ तासन्‌तास बसणार असाल, तर प्राइम. भाच्याचा जीव चपलांच्या कामात आहे, त्याला मी प्राइमच सांगितली.