एकाच वर्षाचे दोन खेळ, लॅपटॉपवरचा भार मात्र वेगळा

'पिलर्स ऑफ इटर्निटी' आणि 'द विचर ३', दोन्ही रोल-प्लेइंग गेम २०१५चे. पण सोलापुरात, साखर पेठेतल्या भाच्याच्या जुन्या लॅपटॉपवर, मे महिन्यातल्या दुपारी दोघांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

'पिलर्स'मधली गावं, देवळं, जंगलं म्हणजे आधीच तयार करून ठेवलेली चित्रं. कॅमेरा वरून, एकाच कोनात. चादरीची नक्षी जशी जकार्ड मागाच्या भोकांच्या कार्डांवर आधीच ठरलेली असते, तसंच हे. ग्राफिक्स कार्डाला, म्हणजे पडद्यावरचं चित्र काढणाऱ्या भागाला, मुख्यतः पात्रंच हलवायची असतात.

'विचर'मध्ये कॅमेरा चहूकडे फिरतो, म्हणून ऊन, सावली, डुलणारं गवत, सगळं दर फ्रेमला नव्यानं काढावं लागतं. किमान जीटीएक्स ६६० हे ग्राफिक्स कार्ड आणि ६ जीबी रॅम हवीच. लॅपटॉपचा पंखा घरघरू लागला, कीबोर्ड हाताला चटके देऊ लागला.

"मामा, सगळीच ग्राफिक्स सेटिंग 'लो'वर टाकू का?"

"नको रे. आधी हेअरवर्क्स, म्हणजे केस खरे वाटतील असे हलवणारा इफेक्ट, बंद कर, मग सावल्या आणि गवत कमी कर. टेक्स्चर, म्हणजे वस्तूंवर चढवलेली चित्रं, राहू दे, ग्राफिक्स कार्डाची व्हिडिओ मेमरी पुरत असेल तर त्यानं वेग फारसा घटत नाही."

तेवढ्यानं खेळ सावरला. तरी जुन्या मशीनवर मी 'पिलर्स'च सुचवीन. ती चित्रं आजही डोळ्यांत भरतात.