प्रिझर्व्हेशन हॉल, न्यू ऑर्लीन्स : जाण्याआधी वादकांची ओळख करून घ्यावी

न्यू ऑर्लीन्सच्या फ्रेंच क्वार्टर भागात, सेंट पीटर स्ट्रीटवरच्या ७२६ क्रमांकाच्या जुन्या घरात प्रिझर्व्हेशन हॉल आहे. पारंपरिक जॅझ ऐकण्यासाठी जगभरातून लोक येथे येतात. मराठी पर्यटकांच्या अमेरिकावारीत हे शहर सहसा बसत नाही. पण ज्यांना वाद्यसंगीताची गोडी आहे, त्यांनी वाट वाकडी करून येथे एक संध्याकाळ जरूर काढावी. मात्र जाण्यापूर्वी या हॉलचे आणि तेथे वाजवून गेलेल्या वादकांचे थोडे वाचून जावे. बैठक अवघ्या पाऊण तासाची असते, आणि त्यात वादन इतके भरगच्च असते की इतिहास सांगायला फारशी सवड उरत नाही.

सोयींच्या बाबतीत अपेक्षा माफक ठेवलेली बरी. ‘हॉल’ या नावावरून डोळ्यांपुढे जे येते, त्याच्या मानाने ही खोली म्हणजे एखाद्या वाड्यातले मोठेसे माजघर आहे. पुढे जमिनीवर टाकलेल्या गाद्या, मागे काही बाके, आणि त्यांच्यामागे उभे राहणाऱ्यांची दाटी. ज्यांना तेवढा वेळ उभे राहवत नाही, त्यांनी बसण्याच्या जागेचे तिकीट आधीच काढावे. ते महाग पडते, पण खोलीच्या लहानपणामुळे जास्तीचे पैसे वसूल होतात. वादन सुरू असताना छायाचित्रे घेण्यास मनाई आहे. मला हा नियम अत्यंत योग्य वाटला, आणि आपल्याकडच्या काही संगीत महोत्सवांनीही तो उचलावा.

वादन ध्वनिवर्धकाविना होते, हे या जागेचे खरे वैशिष्ट्य. ट्रंपेट मूळ चाल धरून ठेवतो, क्लॅरिनेट तिच्या वरच्या अंगाने वेलबुट्टी काढत जातो आणि ट्रॉम्बोन खालून घसरत घसरत दोघांना जोडून घेतो. तिघेही एकाच वेळी उत्स्फूर्त वाजवत असतात, आणि तरीही कोणी कोणाच्या पायात येत नाही. बॅन्जो, पियानो, बास आणि ड्रम यांनी खालची लय सांभाळलेली असते. पहिल्या रांगेत बसले की क्लॅरिनेटवादक आपली पाळी येण्याआधी वाद्याची पत्ती ओठांत ओलावतो तेही दिसते, आणि ट्रॉम्बोनची नळी पुढे आली की गादीवर बसलेला माणूस नकळत मान मागे घेतो. ध्वनिमुद्रणात हे तीन आवाज एकमेकांत मिसळून जातात, तर येथे ते तीन वेगवेगळ्या दिशांनी येतात आणि खोलीत एकत्र होतात. या शैलीचे मर्म त्यामुळे कोणत्याही व्याख्यानापेक्षा लवकर उमगते.

हॉल १९६१ साली सुरू झाला, आणि त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियाहून आलेल्या अ‍ॅलन व सँड्रा जॅफी या तरुण दांपत्याने त्याची सूत्रे हाती घेतली. त्याआधी या जागेत लॅरी बोरेनस्टाइन यांचे चित्रदालन होते आणि तेथे म्हातारे वादक अनौपचारिकपणे वाजवत असत. रॉक अँड रोलच्या लाटेत या वादकांना काम मिळेनासे झाले होते, आणि हे शहर ज्या राज्यात आहे त्या लुइझियानात तेव्हा वंशभेदाचे कायदे लागू होते. अशा काळात कृष्णवर्णीय वृद्ध वादकांना रोज रात्री बसायला खुर्ची, मोबदला आणि मन लावून ऐकणारा मिश्र श्रोतृवर्ग मिळाला. जतन करण्याचा हा मार्ग मला सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण त्यात कलावंताचा सत्कार करून त्याला घरी पाठवलेले नाही, तर त्याला काम दिलेले आहे. अ‍ॅलन जॅफी स्वतः ट्यूबा वाजवत. १९८७ साली त्यांचे निधन झाल्यानंतर पुढे त्यांचे पुत्र बेन यांनी धुरा सांभाळली, आणि तेही तेच वाद्य वाजवतात.

‘प्रिझर्व्हेशन हॉल जॅझ बँड’ हा ठरावीक सहा-सात जणांचा संच कधीच नव्हता. पिढ्या बदलत गेल्या आणि नाव तेच राहिले. पहिल्या पिढीतले बहुतेक वादक पोटासाठी दिवसा दुसरेच काम करत. जॉर्ज लुइस हे क्लॅरिनेटचे हळवे वादक बंदरावर हमाली करत, तर डावखुरे बॅन्जोवादक नार्व्हिन किंबॉल टपालखात्यात नोकरीला होते. विली आणि पर्सी हम्फ्री या बंधूंचे आजोबा मळ्यांवरच्या मजुरांच्या मुलांना वाद्ये शिकवत. विली क्लॅरिनेट आणि पर्सी ट्रंपेट वाजवत, आणि वयाची ऐंशी उलटल्यावरही दोघे या हॉलच्या बँडमध्ये होते. विली १९९४ साली गेले आणि पर्सी त्यांच्या पाठोपाठ १९९५ साली. डीडी पियर्स यांची दृष्टी गेली होती. ते ट्रंपेट वाजवत आणि त्यांची पत्नी बिली शेजारी पियानोवर असे.

या सर्वांत ‘स्वीट एमा’ बॅरेट यांची गोष्ट निराळीच आहे. त्यांना स्वरलिपी वाचता येत नसे, तरी १९२० च्या दशकापासून शहरातल्या नामांकित वाद्यवृंदांत त्यांना पियानोवर मागणी होती. डोक्यावर लाल टोपी आणि गुडघ्याखालच्या पट्ट्यांना बांधलेले घुंगरू हा त्यांचा थाट. पायाने ठेका धरला की घुंगरू आपोआप वाजत. १९६७ साली पक्षाघाताने त्यांची डावी बाजू निकामी झाली. त्यानंतरही त्या हॉलमध्ये येत राहिल्या आणि एकट्या उजव्या हाताने पियानो वाजवत राहिल्या. त्यांचे निधन १९८३ साली झाले. नोएल रॉकमोर या चित्रकाराने या पिढीतल्या वादकांची अनेक व्यक्तिचित्रे रंगवली आहेत. त्यांतला कोण काय वाजवत असे हे ठाऊक असेल, तर चित्राकडे पाहण्याची नजरच बदलते.

एक गोष्ट येथे आठवल्यावाचून राहत नाही. १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लिऑन अ‍ॅबी आणि टेडी वेदरफर्ड यांच्यासारखे कृष्णवर्णीय अमेरिकी जॅझ वादक वाजवून गेले, आणि गोव्याहून आलेल्या वादकांनी त्यांच्याकडून हा बाज उचलला. त्यांतलेच चिक चॉकलेट, म्हणजे आंतोनियो झेवियर वाझ, पुढे सी. रामचंद्र यांच्या वाद्यवृंदात आले आणि हिंदी चित्रपटगीतांत ट्रंपेट घुमू लागला. आपण त्या गाण्यांवर तीन पिढ्या नाचलो, पण श्रेयनामावलीत अशा वादकांना क्वचितच जागा मिळाली. मुंबईत त्यांच्यासाठी अशी एखादी खोली कोणी राखली असती, तर ती नक्कीच चालली असती.

आजच्या संचाविषयी एक मतभेद ऐकू येतो, तो असा की नव्या पिढीने जुना बाज सैल केला आहे आणि क्यूबाच्या तालांकडे झुकून शुद्धता घालवली आहे. मला हा आक्षेप पटत नाही. २००५ च्या कतरिना वादळाने शहर उद्ध्वस्त झाले, वादक चहूकडे विखुरले, तरी पुढच्याच वर्षी हॉल पुन्हा सुरू झाला. तो निव्वळ नक्कल करणाऱ्यांच्या बळावर उभा राहिला नसता. शिवाय क्यूबाशी या बंदराचा संबंध जॅझइतकाच जुना आहे. खरी उणीव श्रोत्यांच्या बाजूने येते. ‘सेंट्स’ची, म्हणजे ‘व्हेन द सेंट्स गो मार्चिंग इन’ या प्रसिद्ध गाण्याची, धून ऐकवा असा आग्रह इतका होत असे, की भिंतीवरच्या फर्माइशीच्या दरपत्रकात तिचा दर सर्वांत चढा ठेवावा लागला. फर्माइश करायचीच असेल, तर अंत्ययात्रेत वाजणारी एखादी संथ भजनाची धून मागावी. स्मशानाकडे जाताना ती जड पावलांनी चालते आणि परतीच्या वाटेवर बँड नाचरी लय धरतो. या शहराची ती रीत माहीत असली की बैठकीतला लयबदल अंगावर येतो.

ज्यांना इतक्या दूर जाणे शक्य नाही, त्यांनी स्वीट एमा आणि त्यांच्या साथीदारांची १९६४ साली मिनिअ‍ॅपोलिसच्या गथ्री थिएटरमध्ये ध्वनिमुद्रित झालेली मैफल मिळवून ऐकावी. हम्फ्री बंधू, ट्रॉम्बोनवर जिम रॉबिन्सन आणि ड्रमवर साय फ्रेझियर असा तो संच आहे. पहिल्यांदा ऐकताना फक्त ट्रंपेटचा माग काढावा, आणि दुसऱ्यांदा तीच धून केवळ विली यांच्या क्लॅरिनेटसाठी ऐकावी.