टंचाईत जुनी अर्टिगा विकली: एक्स्चेंज, ॲप आणि थेट गिऱ्हाईक, तिन्हीचा रिव्ह्यू

जुनी अर्टिगा सीएनजी विकताना शोरूमचं एक्स्चेंज, ॲपवाली कंपनी आणि थेट गिऱ्हाईक असे तिन्ही मार्ग करून पाहिले, म्हणून तिन्हीबद्दल एकत्रच लिहितोय. व्यवहार 2022 च्या ऑगस्टमधला, पुण्यातला. जुना आहे खरा पण नवीन गाड्यांची टंचाई काय एकदाच येत नाही, 2025 मधे चीनने मोटरला लागणाऱ्या मॅग्नेटची निर्यात अडवली आणि बजाजच्या चेतक इलेक्ट्रिक स्कूटरचं प्रॉडक्शन अडखळलं तेव्हा ओळखीतल्यांनी परत हेच विचारायला सुरुवात केली, की जुनी गाडी आत्ता विकू का थांबू.

तेव्हाचं मार्केट आठवतंय ना? कोविडमधे गाडी कंपन्यांनी चिपच्या ऑर्डरी कमी केल्या, त्या चिप लॅपटॉप मोबाईलकडे गेल्या, मार्च 2021 मधे जपानला रेनेसास या चिप कंपनीच्या फॅक्टरीला आग लागली, मग मलेशियात लॉकडाऊन, आणि मारुतीने सप्टेंबर 2021 साठी सांगून टाकलं की प्रॉडक्शन नेहमीच्या 40 टक्क्यांच्या आसपास राहील. त्याच वर्षी ऑक्टोबरला महिंद्राच्या एक्सयूव्ही 700 चं बुकिंग उघडलं तर 57 मिनिटांत 25,000 गाड्या बुक. 2022 मधे मारुतीकडे तीन लाखांच्या वर ऑर्डर पेंडिंग होत्या आणि त्यात सीएनजीवाल्या भरपूर. इकडे पेट्रोल शंभरच्या वर, आणि राज्य सरकारने एप्रिल 2022 पासून सीएनजीवरचा व्हॅट 13.5 वरून 3 टक्के केला, मग तर सगळ्यांनाच सीएनजी पाहिजे. सात सीट, सीएनजी आणि मारुती हे तिन्ही एकत्र असलेली गाडी म्हणजे अर्टिगा, तिला शोरूममधे महिनोन्महिने वेटिंग.

माझी गाडी 2019 च्या दिवाळीतली, व्हीएक्सआय, कंपनी फिटेड सीएनजी, एमएच 12, सिंगल ओनर, सगळी सर्व्हिस शोरूमलाच. घेताना ऑन रोड दहा लाखांच्या थोडी वर गेली होती. ऑफिसकडून गाडी मिळाल्यामुळे घरात दोन झाल्या आणि पार्किंग एकच. म्हणजे मला विकून परत दुसरी घ्यायची नव्हती, आणि भाव चांगला मिळण्याचं अर्धं कारण हेच आहे. ज्याला विकून लगेच नवीन घ्यायचीय त्याने टंचाईत फार खुश होऊ नये, जुनीचे जे लाखभर जास्त मिळतात ते नवीनला डिस्काउंट शून्य, वर ॲक्सेसरीज गळ्यात आणि तोपर्यंत रिक्षा ओलाचा खर्च यात जातात.

पहिलं शोरूम एक्स्चेंज. पाचपैकी दोन. माणसं नम्र, चहा पाणी, गाडी नीट बघितली, पण भाव काढला इन्शुरन्सच्या आयडीव्हीवरून, म्हणजे इन्शुरन्ससाठी धरलेल्या गाडीच्या किमतीवरून. आता आयडीव्हीचा तक्ता ठरलेला असतो, दोन ते तीन वर्षांच्या गाडीला 30 टक्के घसारा, तीन ते चारला 40, चार ते पाचला 50. तो इन्शुरन्स कंपनीच्या क्लेमसाठी आहे, बाजारात वेटिंग किती आहे हे त्या तक्त्याला माहीतच नसतं. मला ऑफर आली सहा तीस. मी म्हणलं साहेब तुमच्याच इथे नवीनला वेटिंग किती सांगताय, तर म्हणे ते वेगळं. वेगळं कसं? तीच गाडी हे लोक धुऊन पुसून जुन्या गाड्यांच्या रांगेत आठच्या वर लावणार. एक्स्चेंजचा फायदा एकच, कागदपत्रांची कटकट ते बघतात आणि तुम्हाला नवीन गाडी तिथूनच घ्यायची असेल तर बोनस मिळतो. मला काही घ्यायचंच नव्हतं.

दुसरं ॲपवाली कंपनी, साडेतीन. त्यांचा मुलगा घरी आला, पेंटची जाडी मोजायचं मशीन फिरवलं, टायर, बॅटरी, इंजिनचा आवाज, खालून फोटो, सगळं व्यवस्थित. मग ती गाडी डीलर लोकांच्या ऑनलाइन लिलावात टाकतात. हे मला आवडलं कारण भाव एका माणसाच्या तोंडचा नसतो. सात चाळीसपर्यंत गेली. पण मग फोन सुरू, सर आजच फायनल करा, उद्या हा रेट राहणार नाही, आणि मागच्या दाराला एका ठिकाणी टचअप आहे म्हणून पंधरा हजार कमी करा. टचअप मी आधीच दाखवला होता! आणि उद्या रेट राहणार नाही हे टंचाईत तरी मनावर घेऊ नका, नवीन गाडी येत नाही तोवर जुनीचा भाव एका रात्रीत कुठे जात नाही. आरसी ट्रान्सफर होईपर्यंत थोडी रक्कम अडकवून ठेवतात म्हणाले, ते मला रास्त वाटलं. ज्याला वेळ नाही किंवा जो परगावी चाललाय त्याने डोळे झाकून इथे द्यावी. आणि द्यायची नसली तरी इन्स्पेक्शन करून घ्या, फुकट असतं आणि गाडीचा तळाचा भाव कळतो. सात चाळीसच्या खाली मी कोणाशी बोललोच नाही ते त्यामुळेच.

तिसरं थेट गिऱ्हाईक, साडेचार. ऑनलाइन जाहिरात टाकली तर पहिले फोन सगळे एजंटांचे, "दादा लास्ट किती", गाडी न बघताच. त्यांना सरळ नाही म्हणायचं. खरा माणूस आला तो सोसायटीच्या ग्रुपवरून. सिंहगड रोडला राहणारे एक काका, गाव राजापूरकडे, नवीन अर्टिगा बुक केलेली आणि शोरूमवाला म्हणतोय गणपतीला नाही मिळणार, दिवाळी पण धरू नका. त्या वर्षी गणपती 31 ऑगस्टला. घरात आई, सुना, नातवंडं, सगळ्यांना एका गाडीत घेऊन कोकणात जायचं. या माणसाला गाडी ऑगस्टमधेच हवी होती, घासाघीस करायला त्याच्याकडे वेळ नव्हता आणि माझ्याकडे होता. टंचाईत पैसे या वेळेचेच मिळतात. गणपती झाले की पितृपक्ष, त्यात बरेच जण गाडी घेत नाहीत, म्हणून मला पण ऑगस्टमधेच उरकायची होती.

मी आठ चाळीस सांगितले, त्यांनी मेकॅनिक आणला, मी म्हणलं हवं तिथे चेक करा, सर्व्हिस हिस्टरीचं प्रिंट दिलं, सीएनजी टाकीच्या हायड्रो टेस्टचा, म्हणजे टाकी दाब सोसते का त्या तपासणीचा कागद दाखवला (दर तीन वर्षांनी लागतो, घेणाऱ्याने आवर्जून मागावा), टचअप स्वतःहून दाखवला. आठ दहाला ठरलं. एक्स्चेंजपेक्षा जवळपास पावणेदोन लाख जास्त. यापेक्षा अजून ताणता आलं असतं का, आलं असतं, पण समोरच्याची अडचण दिसत असताना पिळायचं नाही असं मला वाटतं. वेटिंगमुळे भाव चढला तो घेतला, बास.

अर्धा मार्क कापला तो कागदपत्रांसाठी, ते सगळं स्वतः करायला लागतं. लोन असेल तर आधी बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 देऊन आरसीवरचा बोजा उतरवा, त्याशिवाय जाहिरात सुद्धा टाकू नका. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म 29 आणि 30 भरून आरटीओत द्यायचे, विकल्याचं 14 दिवसांत कळवायचं. सह्या करून कोरे फॉर्म कोणाला देऊ नका, भाव कितीही चांगला असू दे! 2018 मधे सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की रजिस्टरला ज्याचं नाव तोच मालक, म्हणजे गाडी तीन हात फिरून कुठे ॲक्सिडेंट झाला तरी भरपाई तुमच्या डोक्यावर येऊ शकते. टंचाईत गाड्या हातोहात फिरतात, त्यामुळे ही भीती जास्तच. एप्रिल 2023 पासून नियम बरा झालाय, अधिकृत डीलरला गाडी दिली की फॉर्म 29 सी ने ऑनलाइन कळवता येतं आणि मग जबाबदारी डीलरवर जाते. त्यामुळे डीलरला देणार असाल तर तो अधिकृत आहे का हे भावाच्या आधी विचारा.

बाकी ई-चलन भरून टाका, फास्टॅग बंद करा, नाहीतर टोल तुमच्या खात्यातून जात राहतो. आणि नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल इन्शुरन्सच्या हप्त्यात मिळणारी सूट) गाडीबरोबर जात नाही, तो तुमचा असतो, इन्शुरन्स कंपनीकडून त्याचं लेटर घेऊन ठेवा, तीन वर्षांत नवीन गाडी घेतली तर वापरता येतं, मला 25 टक्के होता.

काकांकडून टोकन घेतलं, बाकीचे पैसे खात्यात जमा झाल्यावरच चावी दिली, आणि सरकारच्या परिवहन साईटवर त्यांचं नाव लागलेलं दिसेपर्यंत मी दर थोड्या दिवसांनी नंबर टाकून बघत होतो, तुम्ही पण बघा.